गौरी-गणपतीच्या ड्यूट्या

सरळसेवा भरतीत निवड झाली आणि नेमणुकीचा आदेश आला तो अकोला मंडळाचा. आरोग्य खात्याच्या हिशेबात अकोला मंडळ म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाणा, वाशीम आणि यवतमाळ हे पाच जिल्हे. कुडाळला आमच्या घरात त्या कागदाभोवती सगळे बसले. बाबा म्हणाले, "थंय कापूस पिकता." आईने विचारलं, "आणि मासे गावतत काय थंय?" त्याचं उत्तर घरात कुणाकडेच नव्हतं.

मुंबईहून रात्रीच्या अमरावती एक्स्प्रेसने निघाले आणि ऐन मे महिन्यात अमरावतीच्या एका सरकारी रुग्णालयात रुजू झाले. कोकणातला उन्हाळा घामाचा असतो, अंगाला चिकटून राहतो. इथला उन्हाळा घाम दिसूसुद्धा देत नाही, कातडीवर नुसतं मीठ उरतं. पारा पंचेचाळिशीच्या वर गेला की प्रसूतिपश्चात वॉर्डात नवजात बाळांचा जीव सांभाळणं हेच मोठं काम होतं. पडदे ओले करायचे, कूलरच्या ताट्यांना पाणी आहे ना बघायचं, आणि प्रत्येक आईला परतपरत सांगायचं की बाळाला वरचं पाणी नको, अंगावरच पाज, जास्त वेळा पाज. आमच्या इन्चार्ज सिस्टर वऱ्हाडातल्याच, अंजनगाव सुर्जीच्या. डोक्याला रुमाल बांधल्याशिवाय त्या मला दुपारी फाटकाबाहेर पाऊल टाकू देत नसत. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी औषधांच्या खोलीत डोळे पुसत बसले होते. त्या आत आल्या, डबा उघडून माझ्यापुढे सरकवला. "कायले रडून राहिली वं? जेव पयले. मंग बोलू." डब्यात भाकर, भरपूर सांबार घातलेली वांग्याची भाजी आणि लाल तिखटाचा गोळा होता. इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर.

माझी माणसं मला मासळीबाजारात सापडली. समुद्राची मासळी अमरावतीला बर्फात येते, तीही कधीमधी. बाकी सगळा धरणातला आणि नदीतला माल : रोहू, कतला, मरळ, झिंगे. मी बांगड्याचा कल्ला उघडून बघत होते. विकणारा भोई म्हणाला, "तुमच्यासारखीच एक बाई येते दर इतवारी. थेबी असाच गालफड उघडून पायते." पुढच्या रविवारी मी मुद्दाम त्याच वेळेला गेले. बाई आल्या, वेंगुर्ल्याच्या, नवरा रेल्वेत, घर बडनेऱ्याला. मी काही विचारण्याआधीच त्यांनी माझ्या हातातला मासा बघितला आणि म्हणाल्या, "तो घेव नको गो. तू खयची?"

"कुडाळची."

"अगो बाय माझे! आणि इतके दिवस खय होतंस?"

बडनेऱ्याच्या त्या वैनींमुळे मला बाकीची घरं कळली. एक बँकेतले, एक शाळामास्तरांचं जोडपं, एक पोलीस खात्यातले, एक कृषी खात्यातले. कुणी मालवणचं, कुणी देवगडचं, कुणी सावंतवाडीचं. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचो. ज्याचा माणूस गावाहून आला असेल त्याच्याकडे उकडे तांदूळ, सोलं, तिरफळं असायची, ती वाटून घ्यायची. मालवणी बोलायला मिळायचं, गजाली व्हायच्या. त्या संध्याकाळींचं मोल माझ्या लेखी आजही कमी झालेलं नाही. त्या काळात त्यांनीच मला उभं ठेवलं. पण आमच्या गप्पा फिरूनफिरून बदलीवर यायच्या : कुणाचा अर्ज गेला, कुणाचा मंजूर झाला, कुणाला रत्नागिरी मिळालं. घराकडची बदली मिळाली की एकेक जण निघून जायचा. आज ज्याच्या ओट्यावर सोलकढी प्यायलो, पुढच्या वर्षी तिथे कुलूप. असं मंडळ माणसाला धीर देतं, पण त्याच्या भरवशावर आपलं सगळं वर्ष उभं राहात नाही.

आणि मग आला भाद्रपद. सिंधुदुर्गातल्या माणसाला गणपती म्हणजे काय ते सांगून कळत नाही. मुंबईचा चाकरमानी नोकरी गेली तरी चालेल पण चतुर्थीला घरी, असं म्हणतो आणि खरंच तसं करतो. कुडाळला घरचा गणपती, पाठोपाठ गौर, रात्री भजनं, बायकांच्या फुगड्या. मी नवी, रजा शिल्लक नाही, आणि जायचं तर नुसत्या प्रवासातच दिवस जाणार. वर ड्यूटीचा तक्ता लागला तो असा की चतुर्थीला मला रात्रपाळी.

इन्चार्ज सिस्टरांनी तो तक्ता माझ्यासमोर धरला. त्यांच्या घरी महालक्ष्म्या बसतात. आमच्या गौरीचं वऱ्हाडातलं हे रूप मी तोवर पाहिलेलं नव्हतं. ज्येष्ठा आणि कनिष्ठा अशा दोघी, मुखवटे लावून, साड्या नेसवून, दागिने घालून उभ्या करायच्या, सोबत त्यांची बाळं. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजा, मूळ नक्षत्रावर विसर्जन. पूजेच्या दिवशी सोळा भाज्या, पुरण, आंबील, आणि जेवायला अख्खी गल्ली. त्या म्हणाल्या, "ज्येष्ठेच्या दिवशी तू माह्यी ड्यूटी कर. चतुर्थीले मी तुह्यी करतो." एवढं बोलून त्यांनी पेन्सिलने दोन नावं खोडली आणि जागा बदलून लिहिली. वऱ्हाडात बायकाही 'मी करतो, मी जातो' असंच बोलतात. त्या दिवशी मला ते फार जवळचं वाटलं.

त्या वर्षी आमच्या मालवणी मंडळींचा मिळून एकच गणपती बडनेऱ्याला वैनींच्या घरी बसला. आरत्या झाल्या, भजनही झालं. शाळामास्तरांनी पेटी धरली, मृदंगावर कोण बसणार हा प्रश्न होता, तर शेजारच्या गुरुदेव सेवा मंडळातले एक काका खंजिरी घेऊन आले. तुकडोजी महाराजांच्या या जिल्ह्यात खंजिरी वाजवणारा शोधावा लागत नाही. आमची चाल त्यांना माहीत नव्हती, पण दोन कडव्यांत त्यांनी ती उचलली.

फुगडीचं मात्र अडलं. आमच्याकडची फुगडी दोघींनी गरगर फिरून संपत नाही. एकेक प्रकार असतो : बसफुगडी, कोंबडा, करवंट्यांची फुगडी. मध्येच रिंगण, मध्येच जोड्या. गाणं म्हणणाऱ्या वेगळ्या लागतात, उचलून धरणाऱ्या वेगळ्या. आमच्या मंडळात अंग हलवणाऱ्या बायका मोजून चारपाच, त्यातल्या एकीचे गुडघे गेलेले. मी वॉर्डातल्या मैत्रिणींना सहज म्हणून बोलावलं होतं, प्रसादाला. त्या आल्या, सुट्टी झालेल्या सगळ्या जणी, युनिफॉर्म बदलून. वॉर्डातल्या मावशीही आल्या. मी त्यांना हात कसे धरायचे ते दाखवलं. हाताची कात्री, पायाचे अंगठे एकमेकींना टेकलेले, मग मागे रेलायचं. पूर्ण रेलायचं. नवशिकी घाबरते आणि अर्धवट रेलते, त्यामुळेच दोघी पडतात. समोरचीने हात सोडला तर पाठीवर आपटणार हे ठाऊक असूनही भार टाकावा लागतो, तेव्हाच वेग येतो. आमच्या मावशी पन्नाशीच्या पुढच्या, दिवसभर स्ट्रेचर ढकलणाऱ्या. त्यांनी माझ्या मनगटांना अशी मिठी घातली की दुसऱ्या दिवशी सुई टोचताना बोटं दुखत होती. तोंडाने 'फू' करत दम राखायचा कसा हे त्यांना पहिल्याच फेरीत जमलं. रात्री उशिरापर्यंत फुगडी चालली.

भाद्रपदाच्या पौर्णिमेला त्यांच्या भुलाबाई आल्या, तेव्हा मला बोलावणं होतं. कोजागरीपर्यंत पोरीबाळी टिपऱ्या घेऊन गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेल्या डब्यातली खिरापत ओळखायची असते. डबा हलवायचा, आवाज ऐकायचा. मी नेलेली खिरापत, खोबऱ्याच्या वड्या, कुणालाच ओळखता आली नाही. तो मान मला बरीच वर्षं पुरला.

पुढे कामात मुरत गेले तसा ड्यूटीचा तक्ता करणं माझ्याकडे आलं. वऱ्हाडात कोण कोण राहतं हे मला पुस्तकांपेक्षा त्या तक्त्याने जास्त शिकवलं, असं मी नक्की म्हणेन. अचलपूरची आमची सहकारी रमजान ईदला सुट्टी मागायची आणि लक्ष्मीपूजनाची रात्रपाळी आपणहून घ्यायची. दोघी जणी १४ एप्रिलची सकाळ कधीच सोडत नसत आणि दसऱ्याला नागपूरला दीक्षाभूमीवर जात. १९५६ साली बाबासाहेबांनी दीक्षा दिली त्या दिवशी त्यांच्यातल्या एकीचे आजोबा त्या मैदानावर होते. एक केरळची, ख्रिसमसच्या आधी तिचं पत्र्याच्या डब्यातलं केक-वाटप. १८९७ साली अमरावतीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं त्याचे अध्यक्ष सी. शंकरन नायर हे मलबारचे होते, हे मी तिला सांगितलं तेव्हा तिने ते नाव कागदावर लिहून घेतलं आणि घरी फोन करून वडिलांना वाचून दाखवलं. आपल्या मुलखातलं कुणीतरी आपल्याआधी इथे येऊन गेलंय, एवढ्याचाही आधार वाटतो.

मेळघाटातून येणाऱ्या बायांना हा आधार फार क्वचित मिळायचा. धारणीहून हरिसाल, सेमाडोह, परतवाडा करत घाटरस्त्याने अमरावती गाठायचं म्हणजे दीडशे किलोमीटरच्या आसपास. अडलेली बाई रुग्णवाहिकेतून उतरते तेव्हा सोबत सासू असते, नाहीतर नवरा. कोरकू पुरुषांना हिंदी आणि वऱ्हाडी बहुतेक येतं, बायांना कमी. आणि कोरकू ही काही मराठीची बोली नाही. ती ऑस्ट्रोआशियाई कुळातली, मुंडा गटातली भाषा. तिच्या नात्यातल्या संथाली, मुंडारी राहतात पार झारखंडकडे, आणि ही एकटी पश्चिमेला सातपुड्यात. मी कुडाळहून आले तरी माझी भाषा मराठीच होती, थोडी वाकवली की चालत होती. त्या पोरींना वाकवायलाही काही नव्हतं. त्या गप्प राहायच्या. आपण विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला मान हलवायच्या, आणि आपण समजायचो की कळलं.

एक होती जेमतेम विशीतली. बाळ कमी वजनाचं, दीड किलोच्या थोडं वर. आम्हाला कांगारू पद्धत सुरू करायची होती : बाळाला आईच्या उघड्या छातीशी उभं बांधून तासन्‌तास ठेवायचं, म्हणजे त्याला ऊब मिळते, दूध वाढतं, वजन भरतं. हे हातवाऱ्यांनी सांगता येत नाही. कपडे काढा म्हटलं की कुठलीही बाई आणखी आवळून घेते. बाळाला पाळण्यात ठेवून ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. आमच्याकडे एएनएमच्या प्रशिक्षणाला आलेल्या मुलींत एक धारणी तालुक्यातली होती, दुसऱ्या वॉर्डात. तिला बोलावून घेतलं. ती आली आणि पलंगाच्या कडेला बसून, आधी बाळाबद्दल नव्हे, गावाबद्दल विचारायला लागली. गाव कोणतं, माहेर कोणतं, अमक्याची तू कोण. आमच्याकडेही 'तू कोणाची गो' हाच पहिला प्रश्न असतो. भिंतीकडे तोंड केलेली ती मुलगी उठून बसली. सासूला तर इतकं बोलायचं होतं की आमची एएनएम हसून हात वर करायला लागली. अर्ध्या तासात बाळ आईच्या छातीशी बांधलेलं होतं आणि सासू विचारत होती की हे काम मी करू शकते का. करू शकतेस, असं तिला सांगितलं. कांगारू पद्धतीत घरातली इतर माणसंही मदत करू शकतात.

वजन वाढायला लागलं. पण होळी जवळ आली तशी ती आई पुन्हा अस्वस्थ झाली. घरी सोडा, घरी सोडा. डॉक्टरांनी समजावलं, की आणखी थोडं वजन भरू दे. तिच्या डोळ्यांना धार. तेव्हा त्या धारणीच्या पोरीने मला सांगितलं की कोरकूंचा सगळ्यात मोठा सण होळी. मेळघाटातली माणसं कामासाठी बाहेर पडतात, पार लांबच्या शहरांत, वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, पण होळीला घरी येतात म्हणजे येतातच. उंच बांबू उभारून होळी पेटते, मग पाच दिवस फगवा, ढोल-बासरी, नाच. "सिस्टर, होळीले गावात नाही आली ते माणूस कुठी हाय मंग, असं म्हणते आमच्याइकडं."

मी तिला चाकरमान्यांबद्दल सांगितलं. तिने कोकण पाहिलेलं नव्हतं, पण तिला एक शब्दही जास्त समजावून सांगावा लागला नाही. आम्ही दोघींनी मिळून डॉक्टरांशी बोलून मार्ग काढला. वजन ठरलेल्या आकड्याला पोचेपर्यंत आईने थांबायचं, तोवर रोज सकाळी वजन तिच्या समोर करायचं आणि आकडा तिला तिच्या भाषेत सांगायचा. पोचलं की त्याच दिवशी सुट्टी, गावच्या आशाताईंना फोन करून पुढची घरभेट ठरवून. होळी पेटली तेव्हा ती वॉर्डातच होती. पण फगव्याचे पाच दिवस संपायच्या आत ती गावी पोचली, बाळ छातीशी बांधून. त्यानंतर मी धारणीच्या पोरीकडून कामापुरती वाक्यं वहीत लिहून घेतली : दुखतं का, बाळ प्यायलं का, शू केली का, घाबरू नकोस. माझे उच्चार ऐकून बाया हसायच्या. हसल्या की पुढचं सोपं जायचं.

शेगावचे डॉ. रवींद्र कोल्हे आणि नागपूरच्या डॉ. स्मिता कोल्हे बैरागडला राहून वर्षानुवर्षं काम करताहेत, त्यांना २०१९ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या वॉर्डात पेढे वाटले. मला त्यांच्याबद्दल सगळ्यात मोठी वाटणारी गोष्ट ही की ते तिथे राहिले. आमच्यासारख्यांना बदलीचा कागद असतो.

माझाही कागद आला, अकोल्याचा. अमरावती ते अकोला काही फार लांब नाही, पण शहराचा स्वभाव वेगळा. व्यापारी, धडाडीचं. श्रावणात इथली कावड. पोरांची मंडळं गांधीग्रामला पूर्णेवर जातात, भरण्यांत पाणी घेतात आणि खांद्यावर कावड घेऊन रात्रभर अनवाणी चालत राजराजेश्वराला येतात. वाटेवरच्या मदतकेंद्रावर माझी ड्यूटी लागली. काम एकच, तळपाय. फोड, काचा, खडे. वीसबावीस वर्षांचा पोरगा पाय पुढे करतो, आपण आयोडीन लावतो, तो दात आवळतो आणि पट्टी बांधून होते न होते तोच पुन्हा खांदा द्यायला धावतो. आमच्याकडे पालखी नाचवणारे असेच असतात.

पूर्णेचं हे खोरं म्हणजे खारपाणपट्टा. दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, बाळापूर या बाजूच्या कितीतरी गावांत विहिरीचं पाणी खारट. डाळ शिजत नाही, शेताला दिलं तर जमीन बिघडते. एक दर्यापूरकडची आजी मुतखड्याने आजारी होऊन आमच्याकडे दाखल होती. मी तिला म्हटलं, आजी, आमच्याकडे खाडीचं पाणी भरतीला वर चढतं, ते भातात शिरू नये म्हणून बांध घालतात. ती चकित झाली. "म्हंजे तुमचंबी पानी खारं?" समुद्र शेकडो मैल दूर असलेल्या त्या बाईने मग मला बारीकसारीक विचारलं, बांध कशाचा, फुटला तर काय करता, खार उतरायला किती पावसाळे जातात. तिला जमिनीतल्या मिठाची जी जाण होती ती माझ्या आजोबांना होती, माझ्या पिढीला नाही. तिची सून डबा घेऊन आली की ती मला हाक मारायची, "ये वं खाऱ्या गावची, जेवाले बस."

अकोल्याचा आणखी एक लाभ असा की नागपूर-मडगाव गाडी इथे थांबते. आठवड्यातून दोनदाच, पण कुडाळला रात्री आईने ओळखीच्या प्रवाशाकडे पिशवी दिली की दुसऱ्या दिवशी ती अकोल्याच्या फलाटावर माझ्या हातात. सोलं, काजू, कुळथाचं पीठ. परतीच्या गाडीने मी तूरडाळ पाठवते. आईला आता वऱ्हाडच्या डाळीशिवाय आमटी लागत नाही, आणि मासे मिळतात का असं ती विचारायची थांबली आहे.

गौरीच्या दिवसांचा तक्ता दरवर्षी अवघडच असतो, कारण महालक्ष्म्या आणि आमची गौर एकाच वेळी. त्या दिवशी सगळ्यांनाच घरी राहायचं असतं, आणि बाळं काही नक्षत्र बघून जन्मत नाहीत. आम्ही तो तक्ता महिनाभर आधी बसून करतो. ज्यांच्याकडे यंदा घरची पूजा आहे त्यांना आधी. ज्यांच्याकडे नवी सून आहे त्यांना नंतर. मग बाकीच्या. ईदवाल्या, नाताळवाल्या, आंबेडकर जयंतीवाल्या, धारणीच्या मुली, सगळ्या त्या रात्री वॉर्ड सांभाळतात आणि आपल्या सणाच्या वेळी ते वसूल करतात. कुठल्या सरकारी नियमात हे लिहिलेलं नाही, पण यावरून आमच्याकडे भांडण झाल्याचं मला आठवत नाही.

यंदा आमच्याकडची अकोटची एक मुलगी, इतकी वर्षं कंत्राटावर होती, ती भरतीत लागली. मंडळ आलं कोल्हापूर, जिल्हा सिंधुदुर्ग. आदेश घेऊन ती माझ्याकडे आली, चेहरा उतरलेला. पहिला प्रश्न पावसाचा, दुसरा, तिथे ज्वारी मिळते का. तिसरा प्रश्न तिने जरा अडखळत विचारला. "महालक्ष्म्या बसवतेत काय वं ताई तिथं?"

मी तिला सांगितलं, गौर येते, पण आमच्या भागात बांधावरची रोपं आणून तिची गौर करतात, काही घरांत मुखवटा लावतात. काही घरांत तिला वडे-सागुतीचा तिखट नैवेद्य असतो, ते बघून दचकू नकोस. नव्या सुनांचा ओवसा असतो, तो बघायला कुठल्याही घरात जा, हाकलणार नाही कुणी. पावसाळ्यात युनिफॉर्म सुकत नाही, तीन जोड जास्त ने. ज्वारीचं पीठ इथूनच ने, गाडी थेट आहे. आईचा नंबर दिला. आणि कुडाळच्या सरकारी दवाखान्यात मूर्तिजापूरची एक सिस्टर आहे, भुलाबाईची गाणी तिला सगळी पाठ आहेत पण म्हणायला सोबत कुणी नाही, असं ती मला मागे फोनवर म्हणाली होती. तिला तिथल्या तिथे फोन लावून दिला.